अतिक्रमण वहीतले अकरा सेकंद

२ फेब्रुवारी, रविवार
(सर्व सभासदांना आणि बाहेरच्या श्रोत्यांना, छापील पत्र)

गाणं ऐकताना ज्यांनी कधी ना कधी दातओठ खाल्ले आहेत, अशा सगळ्या ऐकणाऱ्यांनो,

आपलं दुःख सांगायला गेलं तर लोक हसतात. आपल्याला कोणी उपाशी ठेवलेलं नाही की घराबाहेर काढलेलं नाही. आपण ऐकत असताना कोणीतरी बोलतं, एवढंच. पण ज्याला ऐकायचं आहे त्याच्या कानावर दुसऱ्याने बसकण मारावी, हा अन्याय लहान आहे असं मला कोणी पटवून देऊ नये.

तुम्ही सगळे यांना ओळखता. वर्तमानपत्रातला तो समीक्षक, ज्याला आपण 'मध्यंतर' म्हणतो, कारण तो मध्यंतराला उठून जातो आणि उत्तरार्धावर परिच्छेदभर लिहितो. गायिकेचा घसा बसला म्हणून जो उत्तरार्ध झालाच नाही, तोही त्याने 'उत्तरोत्तर रंगलेला' ठरवला होता. टीव्हीवरची ती बाई, जी बासरीवाल्याला विचारते की फुंकताना मनात काय येतं, आणि तो उत्तरासाठी श्वास घेतो तेवढ्यात जाहिरातींकडे वळते. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी, शनिवारच्या मैफलीचा निवेदक. आपले सेकंदकाका, ज्यांनी उभं आयुष्य पोहण्याच्या शर्यतींना वेळ लावण्यात घालवलं, ते बारा वर्षं स्टॉपवॉच घेऊन टीव्हीपुढे बसतात आणि कोणी सुरावर किती सेकंद बोललं ते 'अतिक्रमण वही'त लिहितात. त्यात या एकट्या निवेदकाची बेरीज तीन तास चाळीस मिनिटांवर गेली आहे.

काल मात्र हद्द झाली. मास्तर साठ वर्षांच्या व्हायोलिननंतर शेवटचं वाजवत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. थेट प्रक्षेपण होतं. साथीला पियानोवर त्यांची नात. शेवटचा लांब सूर त्यांनी लावला आणि हा बोलू लागला. काय बोलला तेही ऐका: "रसिकहो, काही सूर असे असतात की त्यांच्यानंतर बोलण्यासारखं काहीच उरत नाही." आणि हे सांगायला त्याला अकरा सेकंद लागले, ते संपले तेव्हा सूरही संपला होता.

शंभर सह्यांची तक्रार आली तर चौकशी बसवायची आणि तोवर माणसाला पडद्यावरून उतरवायचं, हा वाहिनीचा स्वतःचा नियम आहे. सही करा. रविवारी, १६ फेब्रुवारीला, पाच वाजता, मंडळाच्या नेहमीच्या खोलीत.

— कार्यवाह, श्रोते मंडळ


१२ फेब्रुवारी, बुधवार

मौनी,

नऊ वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सोबत छापील कागद जोडते आहे, यावरून काय ते समज.

ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला ती आधी कळवायची, ही रीत मी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या संपापासून पाळत आले. साहेबांनाही मी मागण्या आधी वाचून दाखवायची आणि मग काम बंद करायची. तुला काही म्हणायचं असेल तर लिहून पाठव. मी सभेत शब्दन् शब्द वाचून दाखवीन.

तू माझा सख्खा भाऊ आहेस हे मंडळात कोणाला ठाऊक नाही. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, तुझं राहिलं. लपवायला काही कष्ट पडले नाहीत. भावंडं किती असं कोणी विचारलं तर मी म्हणते, एक भाऊ आहे, लांब असतो. यात खोटं काही नाही. बसने पाऊण तास.

तू येणं का बंद केलंस ते मला माहीत नाही.

एक लिहून ठेवते, म्हणजे माझ्यावर डूख धरल्याचा आरोप नको. चार वर्षांचा होईपर्यंत तू तोंडातून शब्द काढला नव्हतास. आई घाबरून गेली होती. सगळे तुला मौनी म्हणायचे. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि मी एकोणीस. रात्रपाळीहून आले की मी तुला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभं करायची आणि बोलायला लावायची. विषय कुठलाही. साबण. खिडकी. बोलत राहायचं. थांबलास की समोरची माणसं उठली, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल. नंतर वक्तृत्वाची एखादीच ढाल तू दुसऱ्याच्या घरात जाऊ दिलीस. बोलायला मी शिकवलं. गप्प कुठे बसायचं हे मोठेपणी माणसाने स्वतः शिकायचं असतं.

— ताई


१७ फेब्रुवारी, सोमवार

मौनी,

उत्तर नाही. ठीक आहे. तुला शनिवारच्या कार्यक्रमातून उतरवलं, हे परवा टीव्हीवरूनच कळलं. कागद अजून माझ्याच कपाटात आहेत, पण वर्तमानपत्रात बातमी आली आणि वाहिनीने घाई केली. ज्याने बातमी दिली तो 'मध्यंतर'च. कालच्या आपल्या सभेचंही त्याने आज अर्धंच लिहिलं.

काल मास्तर स्वतः आले. जिना चढायला त्यांना पाच मिनिटं लागली, नातीचा हात धरून. चाळीसच्या चाळीस खुर्च्या भरल्या होत्या, मागे माणसं उभी होती. सगळी उठली. पहिल्या कागदावरची पहिली ओळ मी त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती. इथे सही करा, हे मला तीनदा सांगावं लागलं, वयाचा भाग आहे. मग त्यांनी पेन घेतलं, थांबले आणि सभेकडे वळून म्हणाले, "शेवटचा सूर मला हवा तसा लागला होता. तो तुम्हाला ऐकायला मिळाला नाही, याचं वाईट वाटतं."

मी तासाची भाषणं केली आहेत, मौनी. संपात एक्स्चेंजच्या फाटकावर उभं राहून बाराशे माणसं रडवली आहेत. त्या दोन वाक्यांनी जे झालं ते मला कधी जमलं नाही. सेकंदकाकांनी चष्मा काढून पुसला. नंतर रांग लागली. एकूण सह्या एकशे चाळीस.

दोघांनी केल्या नाहीत. एक मास्तरांची नात. तिच्यापुढे मी कागद सरकवला तर ती जमिनीकडे बघत राहिली. आजोबांचा अपमान झाला आणि ही पोरगी गप्प, मला राग आला. वाहिनीवर पुढे कामं मिळायला हवीत, दुसरं काय. दुसरे आपले वाद्यं दुरुस्त करणारे गृहस्थ. मंडळाचा रेकॉर्ड प्लेअरही तेच सांभाळतात. कानाचा एवढा पक्का माणूस, पण सहीची वेळ आली तेव्हा रेकॉर्ड पुसत बसला. उद्या-परवा त्यांच्या दुकानात जाऊन जाब विचारणार आहे.

पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला, सोमवारी, गठ्ठा वाहिनीच्या कचेरीत जाईल. तिथून पुढे चौकशी, आणि पुढे काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पंचावन्नाव्या वर्षी कोण नवा निवेदक घेतो.

मला आनंद व्हायला हवा होता.

— ताई


२० फेब्रुवारी, गुरुवार

मौनी,

आज दुपारी दुरुस्तीच्या दुकानात गेले होते. तिथून सरळ घरी आले आणि चप्पलही न काढता लिहायला बसले.

मी दारातूनच सुरुवात केली. भित्रेपणा, वाहिनीचं दडपण, तत्त्व, सगळं बोलून झालं. ते बाकावर एका व्हायोलिनच्या फुटलेल्या पोटाला सरस लावत होते. मला बोलू दिलं. मग हात पुसले, आणि म्हणाले की बाई, पाच मिनिटं बसा, पण बोलू नका. मला असं सांगणारा माणूस तीस वर्षांत भेटला नव्हता, म्हणून बसले.

त्यांच्याकडे त्या शनिवारचं रेकॉर्डिंग होतं. आधी साधं लावलं. तुझा आवाज, रसिकहो, काही सूर असे असतात. मला संताप आला, नेहमीसारखा. मग त्यांनी मशीनच्या मागच्या तारा काढल्या. डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक स्पीकर असतो ना, त्याऐवजी दोन्ही बाजूंच्या मध्ये एकच जोडला. मला त्यातलं कळत नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की निवेदकाचा आवाज दोन्हीकडे अगदी सारखा असतो, म्हणून अशा जोडणीत तो स्वतःलाच खाऊन टाकतो. उरतं ते कडेला बसलेलं वाद्य.

"आता ऐका, बाई. इतके दिवस तुम्ही वरचं ऐकलंत."

तुझा आवाज पार लांब गेला, शेजारच्या घरात कोणी बोलावं तसा. आणि व्हायोलिन पुढे आलं. मौनी, सूर खाली उतरला होता. थोडाथोडका नाही. पियानोची पट्टी एकीकडे, मास्तर एकीकडे, आणि ते तसाच तो सूर ओढत आहेत, अकरा सेकंद. त्यांनी चित्रही लावलं. मास्तरांचे डोळे मिटलेले. चेहरा असा, की सगळं मिळालं. नात पियानोवरून मान वर करून बघते आहे. आजोबांकडे नाही. पडद्याच्या कडेला, जिथे तू उभा असशील तिथे.

दुरुस्तीवाले म्हणाले, मास्तर गेल्या सहा महिन्यांत तीनदा वरची तार बदलायला आले, आवाज मेला आहे म्हणाले. तार तिन्ही वेळा चांगली होती. वरचे सूर त्यांच्या कानालाच येईनासे झाले आहेत, हे नातीला माहीत आहे, दुरुस्तीवाल्यांना माहीत आहे. मास्तरांना माहीत नाही. दुपारच्या तालमीत तो सूर दोनदा तसाच गेला, तेव्हा नात निवेदकाशी काही बोलली, एवढं तिने दुकानात येऊन रडत सांगितलं. काय बोलली ते नाही सांगितलं. सांगायची गरज नव्हती.

तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून मी बसले. तारेवर दुसरं कोणी चोरून ऐकत असेल तर श्वासावरून ओळखायची. आणि मंडळातले आम्ही चाळीस शहाणे, स्टॉपवॉच घेऊन तुझे सेकंद मोजत बसलो. खाली काय चाललं आहे, हे एकाच्याही कानाला कळू नये? आम्हाला गाण्याचं प्रेम होतं की तुझ्यावरच्या रागाची सवय लागली होती?

एक आठवतं आहे. तू अकरा वर्षांचा होतास, आंतरशालेय स्पर्धा होती. तुझ्या आधीच्या मुलीचं भाषण मधेच अडलं. सभागृह गप्प. आणि तू विंगेतून मोठ्याने टाळ्या वाजवायला लागलास, भाषण संपल्यासारख्या. लोकांनीही वाजवल्या. ती नमस्कार करून उतरली आणि पहिली आली. तू दुसरा. घरी आणून मी तुला फटका मारला होता. म्हटलं होतं, दुसऱ्याला वाचवायला तुला बोलायला शिकवलेलं नाही.

आता दुसरं. तू येणं का बंद केलंस ते मला माहीत आहे. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. नऊ वर्षांपूर्वी मंडळाच्या जाहीर सभेत मी तुझी नक्कल केली, हात पसरून, मान तिरकी करून, आणि तीनशे माणसं हसून लोळली. तू मला घरी न्यायला आला होतास. शेवटच्या रांगेमागे, दारात, माझी शाल हातात घेऊन उभा होतास. मी तुला पाहिलं होतं, मौनी. पाहिलं, आणि हशा मिळत होता म्हणून आणखी दोन मिनिटं नक्कल चालू ठेवली. शाल तू खुर्चीवर ठेवून गेलास. ती मी अजून वापरलेली नाही.

मी सोमवारच्या आत सगळ्यांसमोर ते रेकॉर्डिंग लावते. तुझ्यावरचा डाग एका दुपारीत पुसला जाईल.

— ताई


२५ फेब्रुवारी, मंगळवार

मौनी,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी चार ओळी. परत परत वाचल्या, म्हणून पाठ झाल्या आहेत. "ताई, तू ऐकलंस, बस झालं. रेकॉर्डिंग लावू नकोस. माझी नोकरी गेली तर दुसरी बघता येईल. मास्तरांना दुसरा शेवटचा सूर मिळणार नाही."

मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. सत्य लपवायचं नसतं, हे मी फाटकाफाटकावर सांगत फिरले आहे. एका निरपराध माणसाची भाकरी जाते आहे आणि पुरावा माझ्या हातात आहे. मग विचार केला की निवडक तिघांना सांगावं. पण मी एक्स्चेंजमधली बाई आहे. एकीच्या कानात सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कुठवर जातं ते मी यंत्रावर बसून पाहिलेलं आहे. आणि शेवटी ते जिना चढून मास्तरांच्या कानापर्यंत येणार. ते त्या सुराच्या भरवशावर खुर्चीत बसून आहेत. तो काढून घेतला तर माझ्या हातात सत्य राहील आणि त्यांच्या हातात काय?

गठ्ठा जाळून टाकता येईल. कपाट माझं आहे, पण सह्या माझ्या नाहीत. लोकांनी विश्वासाने दिलेला कागद जाळणाऱ्या पुढाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या.

म्हणून हिशोब साधा आहे. सह्या एकशे चाळीस. शंभराच्या खाली आल्या तर चौकशी होत नाही, नुसतं उत्तर देतात, आणि तुला परत घ्यावं लागतं. एक्केचाळीस नावं खोडली गेली पाहिजेत, ज्याची त्याने, स्वतःच्या हाताने. माझं मी आज खोडलं. चाळीस राहिली. मास्तरांच्या नावाला कोणी हात लावणार नाही. त्यांची तक्रार त्यांच्यापुरती खरी आहे.

कारण मी सांगणार नाही. म्हणजे एक कारण सांगेन, तेही खरंच आहे, पण त्याने मीच उघडी पडेन. बाई भावासाठी वाकली म्हणतील. पुढच्या निवडणुकीत कार्यवाहपद जाईल. सेकंदकाका बहुतेक बोलणं टाकतील. चालेल. तू अकरा सेकंदांत जे अंगावर घेतलंस त्याला महिना होत आला, आणि तू हूं की चूं केलं नाहीस. मला एका रविवारपुरतं जमायला हरकत नाही.

मात्र एक ध्यानात ठेव. माफी फक्त त्या अकरा सेकंदांची. बाकीचे तीन तास एकोणचाळीस मिनिटं तू खरोखरच भयंकर बोलला आहेस. परत पडद्यावर गेलास की बासरी चालू असताना निदान पाण्याचा घोट तोंडात धरून ठेव.

शाल काढून उन्हात टाकली आहे.

— ताई


२७ फेब्रुवारी, गुरुवार
(सर्व सभासदांना आणि बाहेरच्या श्रोत्यांना, छापील पत्र)

माझ्या शब्दावर ज्यांनी सही केली, त्या ऐकणाऱ्यांनो,

तुमचा राग खोटा नव्हता. आपण वर्षानुवर्षं सुरांवर माणसांची बडबड सोसली आहे, आणि अतिक्रमण वहीतला एकही सेकंद मी मागे घेत नाही. पण तुमची एक फसवणूक झाली आहे, आणि ती मी केली आहे.

ज्याच्याविरुद्ध तुम्ही सह्या केल्या तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. हे मी तुमच्यापासून बारा वर्षं लपवलं. चार वर्षांचा होईपर्यंत तो बोलत नव्हता. त्याला स्टुलावर उभं करून, थांबलास तर खबरदार असं बजावून, बोलायला मी शिकवलं. शांतता पडली की ती भरून काढायची, हा धडा माझा आहे. त्याच धड्याबद्दल मी त्याची तुमच्यासमोर नक्कल केली, तुम्हाला हसवलं, आणि आता तुमच्याच हातांनी त्याला खाली उतरवायला निघाले होते. आमच्या घरचं जुनं भांडण मी तुमच्या प्रेमाचे कपडे घालून सभेत आणलं. तुम्ही सही तक्रारीवर केली असं तुम्हाला वाटलं. अर्धी तरी सही माझ्या भाषणावर होती.

तुम्ही म्हणाल, रक्त आडवं आलं. म्हणा. म्हणाल, बाई आधी गरजल्या आणि आता कच खाल्ली. तेही म्हणा, मी उत्तर देणार नाही. पुढच्या सभेत मला कार्यवाहपदावरून काढायचा ठराव आणा, त्याला पहिलं अनुमोदन माझं. मास्तरांना यातलं काही विचारायला कोणी जाऊ नका. त्यांची सही त्यांची आहे आणि ती पहिल्या ओळीवर तशीच राहील. वाहिनीला त्यांनी जे कळवायचं ते मानाने पोचवू. एका मोठ्या वादकाच्या तक्रारीला इतर एकशे एकोणचाळीस जणांच्या टेकूची गरज नाही.

या सगळ्या वर्षांत मी तुमच्याकडे पुष्कळ काही मागितलं आणि प्रत्येक वेळी तासभर कारणं दिली. या वेळी कारण एवढंच आहे, जेवढं वर लिहिलं. जास्त विचारू नका. माझं ऐकून तुम्ही कधी पस्तावला नसाल, तर या एकदा, मी बोलणार नाही तरी.

रविवारी, २ मार्चला, पाच वाजता. आपल्या खोलीत खुर्च्या चाळीस आहेत, आणि मला चाळीसच माणसं हवी आहेत. रेकॉर्ड लागणार नाही, भाषण होणार नाही. टेबलावर कागद असतील आणि एक पेन. माझं नाव सातव्या ओळीवर होतं, ते खोडलेलं दिसेल. त्याच्या खाली आपलं नाव शोधा, आणि त्याच्यावर आपल्या हाताने एक रेघ ओढा.